चेन्नईला निघालात? मग छत्री दिवाळीनंतर बांधा!

दिवाळी आटोपली की आपल्याकडे छत्र्या आणि रेनकोट माळ्यावर जातात, आणि ट्रंकेतून स्वेटर, शाली खाली येतात. आमच्या शेजारच्या काका-काकूंनीही असेच केले होते. काकांच्या डोळ्याचे ऑपरेशन चेन्नईला करायचे ठरले. तारीख मिळाली नोव्हेंबरच्या मध्याची. काकूंनी मोठ्या हौसेने दोन स्वेटर, कानटोपी, मफलर आणि गोधडी बांधून घेतली. छत्री मात्र घरीच राहिली.

ऑपरेशन उत्तम झाले, पण त्याच रात्री जो पाऊस सुरू झाला तो तीन दिवस थांबला नाही. डॉक्टरांनी बजावले होते की डोळ्यात पाण्याचा थेंबही जाता कामा नये. इकडे लॉजसमोरच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी आणि रिक्षा यायला तयार नाही. डोळ्यात घालायचे औषध संपत आलेले. काकूंनी गोधडीच काकांच्या डोक्यावर धरून त्यांना तपासणीला नेले. कापडी पिशवीतली फाइल भिजली, रिपोर्टावरची शाई पसरली. परतल्यावर काकू म्हणाल्या, “अहो, दिवाळी झाल्यावर कुणी छत्री नेतं का? मला सांगायचं तरी कुणीतरी!”

काकूंची चूक एवढीच की त्यांनी बॅग आपल्या गावच्या कॅलेंडरप्रमाणे भरली. उपचार, मुलांचे कॉलेज, नोकरीतली बदली, तीर्थयात्रा अशा कितीतरी कारणांनी मराठी कुटुंबे चेन्नईला जातात. त्या सर्वांसाठी हे वर्षभराचे हवामान आणि बॅगेचा हिशेब.

पाऊस उलटा का?

जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्येकडून येणारे वारे आपले बरेचसे पाणी सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच रिते करतात. डोंगर ओलांडून पूर्व किनाऱ्याला पोहोचेपर्यंत त्यांच्यात फारसे काही उरत नाही. म्हणून मुंबई-कोकण चिंब असताना चेन्नईला अधूनमधून संध्याकाळी गडगडाटी सरी तेवढ्या येतात.

ऑक्टोबरमध्ये वारे दिशा बदलतात. ईशान्येकडून बंगालच्या उपसागरावरून येताना ते बाष्प उचलतात आणि थेट तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आणून ओततात. चेन्नईच्या वर्षभरातल्या सुमारे 1,400 मिलिमीटर पावसापैकी निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. त्यातही नोव्हेंबर सर्वांत ओला.

ऑक्टोबर ते डिसेंबर : छत्री आणि चार दिवसांची शिल्लक

हा पाऊस आपल्या श्रावणसरींसारखा रोज थोडा थोडा पडत नाही. चार दिवस लख्ख ऊन आणि मग समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की दोन-तीन दिवस नुसती झोड. चक्रीवादळेही याच काळात येतात. 1 डिसेंबर 2015 च्या अतिवृष्टीने अड्यार नदीला महापूर आला, विमानतळ काही दिवस बंद राहिला आणि रेल्वेगाड्या रद्द झाल्या. 12 डिसेंबर 2016 ला वरदा वादळाने शहरातली हजारो झाडे उन्मळून पाडली. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग वादळाच्या पावसाने अनेक वस्त्या पुन्हा पाण्यात गेल्या.

घाबरून प्रवास टाळण्याचे कारण नाही, पण तयारी मात्र हवी. लहान घडीच्या छत्रीपेक्षा मजबूत दांड्याची छत्री न्यावी आणि सोबत एक रेनकोट. चामड्याचे बूट घरीच ठेवून पट्ट्याच्या रबरी किंवा प्लॅस्टिकच्या चपला घालाव्यात, कारण साचलेल्या पाण्यात साधी स्लिपर पायातून निसटते. कपडे लवकर वाळणारे असावेत. टर्किश टॉवेल दोन दिवस ओलाच राहतो आणि त्याला वास येतो. आपला साधा पातळ पंचा तासाभरात वाळतो.

औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा निदान चार दिवसांची जास्त घ्यावीत. टॉर्च, मेणबत्ती, बिस्किटे, थोडी रोख रक्कम जवळ असावी, कारण वादळात वीज जाते आणि वीज गेली की कार्डावरचे व्यवहारही अडतात. परतीचे तिकीट आणि कामाची शेवटची तारीख यांत एक-दोन दिवसांची फट ठेवावी. हवामान खाते पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे देते. लाल इशारा असेल तर महाबलीपुरमची सहल खुशाल पुढे ढकला.

जानेवारी-फेब्रुवारी : सगळ्यांत सुखाचे दिवस

पाऊस सरला की चेन्नईचा उत्तम काळ सुरू होतो. दुपारी 29-30 अंश आणि पहाटे 20-21 अंश, एवढीच इथली थंडी! नाशिक-पुण्याच्या माणसाला स्वेटर लागणार नाही. तरीही एक शाल जरूर न्यावी. ती लागते वातानुकूलित डब्यात, रुग्णालयात रात्री सोबतीला राहताना आणि गाण्याच्या सभागृहात. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत इथे कर्नाटक संगीताचा मोठा उत्सव असतो. बाहेर घाम पुसत आत गेलेला रसिक दुसऱ्या रागापर्यंत कुडकुडू लागतो!

पोंगलच्या आदल्या दिवशी, म्हणजे भोगीला, पहाटे जुन्या वस्तू जाळण्याची प्रथा आहे. त्या धुराने आणि धुक्याने कधीकधी विमानांनाही उशीर होतो. घरात दमेकरी असेल तर त्या पहाटे त्याने खोलीतच राहावे आणि पंप हाताशी ठेवावा.

मार्च ते जून : 37 अंशांना हसू नका

“आमच्या नागपूरला 45 अंश असतं, 37 चं काय कौतुक!” असे म्हणणारे विदर्भातले पाहुणे दुसऱ्या दिवशी दुपारी पंख्याखाली आडवे झालेले दिसतात. कारण साधे आहे. कोरड्या हवेत घाम लगेच उडतो आणि अंग गार होते. दमट हवेत तो अंगावरच राहतो, शरीराची उष्णता बाहेर पडत नाही. म्हणूनच नागपुरात थंडगार करणारा वाळ्याचा कूलर इथे फारसा उपयोगी पडत नाही. त्यात रात्रही तापलेलीच असते.

मे महिन्यातल्या सुमारे 25 दिवसांना इथले लोक ‘अग्निनक्षत्रम्’ किंवा ‘कत्तिरी’ म्हणतात. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की जरा हायसे वाटते, पण पश्चिमेचा गरम वारा जोरात असेल तर समुद्रवाऱ्याला उशीर होतो आणि पारा चढतो. 31 मे 2003 ला तो 45 अंशांवर गेला होता.

सुट्ट्यांमुळे याच दिवसांत जावे लागले तर बाहेरची कामे सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर करावीत. मरीनावर दुपारी लहान मुलांना अनवाणी सोडू नका, वाळूने पाय भाजतात. तिथला समुद्र फसवा आहे, पोहण्याचा मोह कधीच नको. कपडे सुती, सैल आणि फिक्या रंगाचे घ्यावेत आणि दिवसाला दोन जोड धरावेत. टेरिकॉट आणि नायलॉन टाळावे, नाहीतर घामोळ्यांनी जीव नकोसा होतो. मंदिरात जायचे असेल तर बर्म्युडा, बिनबाह्यांचे कपडे नकोत. जरीची साडी नेसायचीच असेल तर ती भल्या सकाळच्या दर्शनाला.

उन्हात फिरताना शहाळे (इथे त्याला ‘इळनीर’ म्हणतात), पातळ ताक म्हणजे ‘नीर मोर’, आणि ताडगोळे यांचा आधार घ्यावा. सोबत मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी असू द्यावी. चक्कर आली, बोलणे असंबद्ध होऊ लागले किंवा अंग तापले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता अंग ओले करून वारा घालावा आणि थेट रुग्णालय गाठावे.

जुलै ते सप्टेंबर : मधला काळ

उकाडा असतोच, पण मेइतका नाही. संध्याकाळी ढग दाटतात, तासभर पाऊस कोसळतो आणि हवा गार होते. कॉलेजात प्रवेश घेणाऱ्या मुलांचे पालक याच दिवसांत येतात. त्यांनी मुलाला जाड रजई देण्याऐवजी दोन जादा चादरी आणि मच्छरदाणी द्यावी. डास इथे बारमाही आहेत आणि डेंग्यू हा दिवसा चावणाऱ्या डासांमुळे होतो. पूर्ण बाह्यांचे पातळ शर्ट म्हणूनच उपयोगी.

आजाऱ्याला घेऊन जाताना

जुने रिपोर्ट, एक्स-रे, प्रिस्क्रिप्शन प्लॅस्टिकच्या बंद फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रत्येक कागदाची एक प्रत वेगळ्या पिशवीत. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलेत तर आणखी बरे. इन्शुलिन घेणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. उन्हात उभ्या मोटारीत किंवा वरच्या खिशात ते ठेवू नये. थर्मासमध्ये न्यावे, पण बर्फाला थेट लागू देऊ नये, गोठलेले इन्शुलिन निकामी होते. ऑपरेशनची तारीख निवडण्याची मुभा असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर जानेवारी-फेब्रुवारीच निवडा. तातडीचे उपचार मात्र हवामानासाठी कधीही पुढे ढकलू नका.

काकांना गेल्या वर्षी पुन्हा तपासणीला जायचे होते, तेही नोव्हेंबरातच. या खेपेस काकूंनी गोधडी कपाटात ठेवली. दोन छत्र्या, दोन पंचे, प्लॅस्टिकचे फोल्डर आणि आठवडाभराचे जादा औषध अशी त्यांची तयारी होती. पाऊस या वेळीही आला. पण काकू खिडकीत बसून कॉफी पीत तो पाहत होत्या.