कार्ड पेलेल का? : संगणकाच्या ताकदीचा जमाखर्च

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती केवळ पैशाच्या व्यवहारापुरती आहे असा आपला समज असतो. परंतु यंत्रांच्या जगातही ती तितकीच खरी आहे. विहिरीवर तीन अश्वशक्तीची मोटर असताना शेजारच्या मळ्यातली पाच अश्वशक्तीची मोटर पाहून मोह होणे साहजिक आहे. पण शहाणा शेतकरी ती आणण्यापूर्वी आपली वायर, स्टार्टर, पाईप आणि विहिरीतले पाणी पाहतो. या चौघांपैकी एक जरी कमी पडला तरी नव्या मोटरीचा उपयोग नाही. उलट ती जळण्याचीच धास्ती. खेळांसाठी घेतलेल्या संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसवणे, हे नेमके याच जातीचे काम आहे.

कलाशाखेच्या वार्षिकांकात हा विषय कशाला, असे काही प्राध्यापकांना वाटेल. कारण सरळ आहे. हरसूल परिसरातल्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी आज संगणक आहे, आणि बहुधा तो जुना घेतलेला आहे. खेळाबरोबर त्याच्यावर गावच्या बोहाड्याचे चित्रीकरण जोडले जाते, पोस्टर तयार होते, प्रकल्पही लिहिला जातो. त्यावर खर्च होणारा पैसा मात्र सहजी आलेला नसतो. द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी-निफाडकडे जाणाऱ्या घरांत तो एखाद्या हंगामाची शिल्लक असतो. मित्रांचा संगणक उघडून पाहण्याचा मला नाद असल्याने "हे कार्ड बसेल का रे?" हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. "बसेल" आणि "पेलेल" या दोन क्रियापदांतला फरक समजावून सांगणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कार्ड करते काय?

आजच्या नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचे म्हटले, तर दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांहून अधिक ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हुशार खरा, पण तो एखाद्या मुकादमासारखा आहे. अवघड निर्णय झटपट घेईल, पण सगळ्या वावरात एकट्याने नागलीची आवणी करणार नाही. आवणीला एकाच वेळी पुष्कळ हात लागतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ते पुष्कळ हात. २०२१ मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या आर.टी.एक्स. ३०६० या कार्डात असे ३,५८४ लहान गणनाघटक आहेत. ही हातांची फौज केवळ खेळापुरती राहिलेली नाही. पुण्याच्या सी-डॅकमधला 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ व्या क्रमांकावर होता. त्याचे बळही ग्राफिक्स कार्डांच्याच कुळातल्या प्रोसेसरांवर उभे आहे.

मात्र पुष्कळ हात म्हटले की पुष्कळ भाकरी आली. कार्डाची भाकरी म्हणजे वीज.

एका वर्गमित्राचा संगणक

सगळे बोलणे हवेत राहू नये म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण घेतो. माझ्या एका वर्गमित्राने "गेमिंग कॉम्प्युटर" म्हणून एक जुना संच घेतला होता. कॅबिनेटला काच, आत रंगीत दिवे, थाट मोठा. आत २०१३ चा इंटेल आय-५ ४५७० हा प्रोसेसर, एच-८१ जातीचा मदरबोर्ड, आणि जी.टी.एक्स. ७५० टी.आय. हे २०१४ चे, ६० वॅटचे, २ जी.बी. स्मृतीचे कार्ड होते. पडदा १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा. त्याच्या मनात भरले होते आर.टी.एक्स. ३०६०. घरच्यांनी बागांच्या कामातून साठवलेले पैसे त्याला मिळणार होते, आणि ते एकदाच मिळणार होते. म्हणून नाशिकची एस.टी. धरण्यापूर्वी आम्ही एक दुपार हिशेबाला दिली. या हिशेबाला एक पेचकस, एक मोजपट्टी आणि कागद-पेन्सिल यांपलीकडे काही लागत नाही. कार्ड व मदरबोर्ड यांची नेमकी नावे जीपीयू-झेड आणि सीपीयू-झेड या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दिसतात.

पहिली तपासणी : एस.एम.पी.एस.

भिंतीतली वीज घेऊन संगणकाच्या सर्व भागांना वाटणारी पेटी म्हणजे एस.एम.पी.एस. तिच्यावर मोठ्या अक्षरांत एक आकडा असतो; मित्राच्या पेटीवर "४५०" होता. त्या आकड्यावर विसंबू नये. पेटीच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असतो, त्यात १२ व्होल्टचा रकाना पाहावा, कारण प्रोसेसर आणि कार्ड यांना वीज मुख्यतः तिथूनच मिळते. त्या रकान्यात १८ अँपिअर लिहिले होते. १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. खरी शिदोरी एवढीच.

आता खर्चाची बाजू पाहा. प्रोसेसर ८४ वॅट, नवे कार्ड १७० वॅट. दोघांचेच २५४ झाले. डिस्क, पंखे, मदरबोर्ड यांचे तीसेक वॅट धरले तर २८४. जमा २१६, खर्च २८४! अशा संगणकात कार्ड बसते, दिवे लागतात, विंडोज सुरू होते, आणि खेळ रंगात आला की सगळे एकदम बंद पडते. साधी पेटी असेल तर तिच्याबरोबर इतर भागही जाऊ शकतात. त्या कार्डासाठी एनव्हिडियाने ५५० वॅटच्या पेटीची शिफारस केली आहे ती उगीच नव्हे. कार्डाची ओढ क्षणभर ठरीव आकड्याच्याही वर जाते, म्हणून हात राखून ठेवावा लागतो.

कार्डाला वीज कुठून मिळते हेही पाहावे. मदरबोर्डच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक हवे असल्यास पेटीतून वेगळी वायर येते : सहा टाचण्यांची असेल तर ७५ वॅट, आठ टाचण्यांची असेल तर १५० वॅट. मित्राच्या पेटीत अशी एकही वायर नव्हती. दुकानात "कन्व्हर्टर लावून देतो" असे सांगितले जाते. ते मनावर घेऊ नये. डिस्कला जाणारी साटा वायर १२ व्होल्टवर ५४ वॅटपुरतीच बनवलेली असते. तिच्यावर दीडशेचा भार टाकणे म्हणजे आगीला आमंत्रण. प्रोसेसरची आठ टाचण्यांची वायर दिसायला कार्डाच्या वायरीसारखी असली, तरी तिची जोडणी उलटी असते. ती कार्डात दाबून बसवण्याचा प्रयत्न कदापि करू नये.

दुसरी तपासणी : खाच आणि जागा

कार्ड ज्या लांब खाचेत बसते तिला पी.सी.आय. एक्स्प्रेस म्हणतात. नव्या पिढीचे कार्ड जुन्या खाचेत चालते, ही यातली समाधानाची गोष्ट. पण रस्त्याची रुंदी खाच ठरवते. पूर्ण सोळा पदरी खाचेतून दुसऱ्या पिढीत सेकंदाला सुमारे ८ जी.बी., तिसऱ्या पिढीत सुमारे १६ आणि चौथ्या पिढीत सुमारे ३२ जी.बी. माहिती जाते. एच-८१ मदरबोर्डवर दुसरीच पिढी मिळते. आर.टी.एक्स. ३०६० सोळाही पदर वापरत असल्यामुळे त्याचे फारसे अडणार नाही. परंतु स्वस्तातली काही नवी कार्डे कमी पदर वापरतात. २०२२ चे ए.एम.डी.चे आर.एक्स. ६५०० एक्स.टी. फक्त चारच पदरांचे आहे. ते अशा जुन्या खाचेत घातले तर वाट्याला सेकंदाला २ जी.बी. येतात आणि कार्डाची दमछाक होते. तेव्हा "नवे आहे" एवढ्यावर भुलू नये, पदर विचारावेत.

यानंतर मोजपट्टी. खाचेच्या मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत किंवा डिस्कच्या कप्प्यापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे आणि कार्डाच्या लांबीशी ताडून पाहावे. पुष्कळ कार्डे दोन खाचांची जाडी व्यापतात, काही त्याहून जास्त. खालच्या खाचेत दुसरे काही असेल तर ते हलवावे लागते.

जुन्या मदरबोर्डवर नवे कार्ड दिसत नसेल, तर त्याचे बायोस अद्ययावत करावे लागते. हे काम चालू असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होण्याची भीती असते. पावसाळी वाऱ्यावादळात तर ते करूच नये. आणि एरवीही यू.पी.एस. जोडलेला असल्याशिवाय त्याला हात लावू नये.

तिसरी तपासणी : मुकादम आणि पडदा

समजा वीज आणि जागा दोन्ही जमले. तरी एक प्रश्न उरतोच : आवणीला शंभर हात आणले, पण रोपे काढून देणारा एकच असेल तर? प्रोसेसर मागे पडला की कार्ड रिकामे बसून राहते. याची फुकट परीक्षा अशी. खेळ चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो, त्यात प्रोसेसर आणि कार्ड किती टक्के गुंतले आहेत ते दिसते. कार्ड शंभराच्या जवळ आणि प्रोसेसर मोकळा, तर नवे कार्ड उपयोगी. प्रोसेसर शंभरावर आणि कार्ड साठावर, तर नव्या कार्डाने विशेष काही साधणार नाही.

दुसरी परीक्षा याहूनही सोपी. खेळातले चित्राचे रिझोल्यूशन कमी करून पाहावे. चित्रे सेकंदाला वाढली, तर अडचण कार्डाची. तेवढीच राहिली, तर अडचण प्रोसेसरची. मित्राच्या आवडत्या दोन खेळांपैकी एकात कार्ड थकत होते, दुसऱ्यात चार गाभ्यांचा प्रोसेसर आधीच घामाघूम होता.

पडद्याचाही विचार करावा. १३६६ गुणिले ७६८ म्हणजे १०,४९,०८८ ठिपके. नेहमीच्या मोठ्या पडद्याच्या निम्मेच. शिवाय तो पडदा सेकंदाला ६० चित्रेच दाखवतो. कार्डाने दीडशे चित्रे काढली तरी डोळ्यांना दिसणार साठच. हे म्हणजे बैलगाडीच्या वाटेवर मोटार घेण्यासारखे झाले.

चौथी तपासणी : घराची वीज

ही तपासणी शहरातले लोक सहसा करत नाहीत. पण आपल्याकडे तिला पहिला मान द्यायला हवा. पेटी विजेचे रूपांतर करताना काही वीज उष्णतेत घालवते. ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर आत २८४ वॅट लागण्यासाठी भिंतीतून सुमारे ३३४ वॅट ओढले जातात. त्यात पडद्याचे वीस मिळवले की ३५४. मित्राच्या ६०० व्ही.ए.च्या यू.पी.एस.वर क्षमता ३६० वॅट छापलेली होती. म्हणजे लाईट गेल्यावर काम जतन करण्याइतकाही धीर त्याने धरला असता की नाही, शंकाच. भिंतीतल्या तीन टाचण्यांच्या प्लगला खरे अर्थिंग आहे का, तेही वायरमनकडून पाहून घ्यावे. पावसाळ्यातला दमट वारा आणि उन्हाळ्यातली धूळ पंख्यांत साचते. नवे कार्ड बसवण्यापूर्वी कॅबिनेट झाडून घेणे, हा बिनखर्चाचा सुधार आहे.

हिशेबाचा निकाल

कागदावर चारही तपासण्या मांडल्यावर वाद उरला नाही. ३०६० साठी पेटी, यू.पी.एस., पडदा आणि पुढेमागे प्रोसेसर, इतके सगळे बदलावे लागले असते. मग आम्ही जी.टी.एक्स. १६५० चा विचार केला. २०१९ चे हे कार्ड ७५ वॅटचे आणि ४ जी.बी. स्मृतीचे आहे, त्याचे काही नमुने वेगळ्या वायरीशिवाय खाचेतल्या विजेवरच चालतात, काहींना मात्र सहा टाचण्यांची वायर लागते, म्हणून नमुना पाहून घ्यावे लागते. ८४, ७५ आणि ३० मिळून १८९ वॅट. जुन्या पेटीच्या २१६ मध्ये ते बसत होते, पण फार काठावर. म्हणून ठरले असे की आधी ८० प्लस प्रमाणित ५५० वॅटची पेटी घ्यायची, मग १६५०. चांगली पेटी पुढच्या संगणकातही कामाला येते. ती खर्चात धरू नये, ठेवीत धरावी. ठरलेल्या रकमेतून काही पैसे उरले, ते घरी परत गेले. मित्राला थोडी हळहळ वाटली, हे खरे. पण संगणक आज चालतो आहे, आणि मध्येच बंद पडत नाही.

जुने कार्ड घेणाऱ्यांसाठी एक सूचना. इथेरियम या आभासी चलनाचे कार्डांवरचे खाणकाम सप्टेंबर २०२२ मध्ये थांबले, आणि रात्रंदिवस राबलेली पुष्कळ कार्डे बाजारात आली. म्हणून कार्ड आपल्यासमोर निदान अर्धा तास खेळ चालवून पाहावे; पंख्याचा आवाज, पडद्यावरचे विचित्र ठिपके आणि तापमान यांच्याकडे लक्ष ठेवावे. नाशिकला पुन्हा खेप घालण्यापेक्षा दुकानात अर्धा तास बसणे परवडते.

तात्पर्य, क्रम ध्यानात ठेवावा : आधी खेळ आणि पडदा, मग प्रोसेसर, मग खाच व जागा, मग पेटी आणि घराची वीज, आणि कार्डाचे नाव सर्वांत शेवटी. आपण बहुतेक जण नेमका उलटा प्रवास करतो. कार्डाच्या नावापासून सुरुवात करतो आणि बाकीचे त्याच्या मागे फरफटत नेतो. संगणक हे एकत्र कुटुंब आहे. त्यात एकाच्या अंगी बळ येऊन भागत नाही, सर्वांना ते झेपावे लागते. गुणाकार-बेरजेचे हे गणित शाळेतले आहे. त्यासाठी विज्ञानशाखेचा विद्यार्थी असण्याची गरज नाही. खिशातून पैसे काढण्याआधी कागदावर चार आकडे काढण्याची सवय आपल्यापैकी दहाजणांना जरी लागली, तरी कुणाच्या तरी घरचा एक हंगाम वाया जाण्यापासून वाचेल.