फिरत्या बुरुजांची नौका

आपल्या छत्रपती संभाजीनगरला समुद्र नाही. तरी युद्धनौका समजून घ्यायची तर दौलताबाद चढावा. तिथली मेंढा तोफ आठवा: मागच्या टोकाला मेंढ्याचं मुंडकं आणि अख्खी तोफ बुरुजावर एका खुंटाभोवती फिरणारी. आता समजा, तोफेसकट बुरूजही फिरतोय आणि खालचा किल्ला लाटांवर धावतोय. झाली क्रूझर!

१९३३ मध्ये ब्रिटिश नौदलात दाखल झालेल्या ‘अकिलीस’वर असे चार पोलादी बुरूज होते. प्रत्येकात सहा इंची दोन तोफा. एकेक गोळा सुमारे ५० किलोंचा, म्हणजे सिमेंटची एक गोणीच. १३ डिसेंबर १९३९ रोजी उरुग्वेच्या किनाऱ्यापुढे तिची गाठ पडली जर्मनीच्या ‘ग्राफ श्पे’शी. तिचा गोळा ३०० किलोंचा, म्हणजे सहा गोण्या! अकिलीसच्या सोबतीला ‘एजॅक्स’ आणि ‘एक्झेटर’ होत्या. एक्झेटरची पार दैना झाली. पण उरलेल्या दोघींनी शत्रूची पाठ सोडली नाही. ‘ग्राफ श्पे’ माँटेव्हिडिओ बंदरात शिरली आणि चार दिवसांनी तिच्याच कप्तानाने तिला बुडवलं.

अकिलीसवर निम्म्याहून अधिक खलाशी न्यूझीलंडचे होते. १९४१ मध्ये त्या देशाचं स्वतंत्र नौदल झालं आणि ती त्यात गेली. जानेवारी १९४३ मध्ये ग्वाडलकनालजवळ जपानी बॉम्ब थेट एका बुरुजावर पडला. १३ जण गेले. दुरुस्तीत तो बुरूज काढला, ती जागा विमानविरोधी तोफांना दिली. उरले तीन.

युद्ध संपलं. ब्रिटनकडे जहाजं उदंड, नव्या भारताकडे मोजकीच. १९४८ मध्ये ती आपण घेतली आणि सप्टेंबरात ती मुंबईला लागली. नाव ठेवलं ‘दिल्ली’, समुद्र नसलेल्या शहराचं! पुढे पहिले भारतीय नौदलप्रमुख झालेले रामदास कटारी तेव्हा तिच्यावर कप्तानाखालोखालचे अधिकारी होते.

१९५६ मध्ये त्या जुन्या लढाईवर इंग्रजी चित्रपट आला. त्यात अकिलीसची भूमिका कोणी करावी? खुद्द आयएनएस दिल्लीने! पडद्यावरचे बुरूज मोजा: तीनच भरतात. खऱ्या लढाईत चार होते. जखम १९४३ ची, पण ती दिसते १९३९ च्या कथेत. एरवी नट म्हातारपणी तरुण दिसायला रंग लावतो. हिला चौथा बुरूज कुठून लावणार?

डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या मोहिमेत याच तोफा दीवसमोर धडाडल्या. ३० जून १९७८ ला मुंबईत ती निवृत्त झाली, मग भंगारात निघाली. पंचेचाळीस वर्षं, नौदलं तीन.

तिचा एक बुरूज मात्र भारताने न्यूझीलंडला भेट दिला. ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट तळावर तो आज जमिनीवर उभा आहे, दौलताबादच्या बुरुजासारखा, एका जागी.