आषाढात सुकं जळण

कोल्हापूरपासून थोड्या अंतरावर, पंचगंगेच्या खोऱ्यात आमची जळणाची वखार आहे. सासऱ्यांनी सुरू केली, मग मालकांनी चालवली, आता काट्यावर मी बसते.

जळण किलोवर विकलं जातं आणि या धंद्याच्या बहुतेक अडचणी काट्यातूनच निघतात. नुकत्याच पाडलेल्या झाडाच्या वजनात चाळीस-पंचेचाळीस टक्के पाणी असतं, कधी निम्मंसुद्धा. चुलीत गेल्यावर आधी त्या पाण्याची वाफ करण्यात लाकडाचीच आच खर्च होते, मग उरलेली भांड्याला लागते. काट्याला मात्र पाणी आणि लाकूड सारखंच. ओलं विकणाऱ्याला पैसे लगेच मिळतात. वाळवून विकणाऱ्याचा माल रोज थोडा थोडा घटत जातो.

हिशेब मांडून दाखवते. समजा, 10 टन ओली सुबाभूळ 3 रुपये किलोने घेतली. त्यात 45 टक्के पाणी धरलं तर खरं लाकूड साडेपाच टन. चांगल्या वाळलेल्या जळणातही 20 टक्क्यांच्या आसपास ओल राहतेच, म्हणजे विकायला उरलं सुमारे 6,900 किलो. घातले 30 हजार, पण खरेदीच किलोला 4 रुपये 35 पैशांवर गेली. ट्रॅक्टरचं भाडं, हमाली, कापणावळ, फोडणावळ आणि व्याज अजून यात धरलेलंच नाही. साल गळते, भुगा होतो, सुबाभळीला आणि आंब्याला घुण लागतो, ती घटही आमच्याच अंगावर. शेजारच्या गावात कुणी ओलं लाकूड एक रुपया कमी भावाने विकायला लागला की गिऱ्हाईक मला विचारतं, ‘वहिनी, तुमचंच का महाग?’

लाकूड फोडून, उन्हात आणि वाऱ्याला रचलं तर दोन-तीन महिन्यांत वाळतं. ओंडका तसाच पडू दिला तर वर्षानेही आतून ओला निघतो, कारण पाणी बाहेर पडतं ते टोकांतून आणि फोडलेल्या अंगातून. साल ते अडवून धरते. म्हणून आमची खरेदी दिवाळीनंतर सुरू होते. ऊस तुटून जातो तशी रानं मोकळी होतात, ट्रॉली बांधापर्यंत जाते. शिमग्यापर्यंत माल आणायचा, कापायचा, फोडायचा. खाली दगड मांडून त्यावर आडवी लाकडं टाकायची, म्हणजे जमिनीची ओल आणि वाळवी वर चढत नाही. फाट्यांच्या थरांत वाऱ्याला वाट ठेवायची. मृगाच्या आधी सगळं पत्र्याखाली गेलं पाहिजे.

एवढी धडपड आषाढासाठी. आषाढात कोल्हापुरात त्र्यंबोली देवीला नवं पाणी वाहतात आणि गल्लोगल्ली मटणाची जेवणं उठतात. बाहेर आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, आणि आचाऱ्याला दोनशे माणसांचा रस्सा वेळेवर उकळायचा असतो. तेव्हा त्याला सुकं लाकूड लागतं. मार्गशीर्षात घातलेला पैसा असा आषाढात सुटतो. मधले सात-आठ महिने तो ढिगात अडकलेला. जळणाच्या ढिगावर बँकेने आम्हाला कर्ज दिलं नाही, पतसंस्थेतून दागिने ठेवून काढतो. वखार छोटी असली तरी भांडवल छोटं नसतं, हे या धंद्यात उतरू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते.

लाकडालाही जात-स्वभाव आहे. बाभळीचा निखारा घट्ट, बराच वेळ टिकतो, धूर कमी. रश्श्यासाठी आमचे आचारी तिच्याशिवाय दुसरं मागत नाहीत. सुबाभूळ सरळ फुटते आणि लवकर वाळते, म्हणून फोडणाऱ्या गड्यांची लाडकी. निलगिरीचे रेषे पिळलेले. ओली असतानाच फोडली तर बरी, वाळल्यावर पाचर मारून मारून हात भरून येतात. चिंच तिच्याहून चिवट, पण तिची आच खरी. आंबा पटकन पेटतो, पटकन संपतो आणि राख फार करतो. वड, पिंपळ, उंबर आम्ही वखारीत घेत नाही. सासरे घेत नव्हते, मीही घेत नाही.

प्रत्येकाचं मापही वेगळं. भट्टीला जाड ओंडके, आचाऱ्याला हात-दीड हाताच्या फाट्या, आणि घरच्या तांब्याच्या बंबाला वीतभर बारीक बंबफोड. बंबफोडीला मजुरी सगळ्यात जास्त, आणि सोलर आल्यापासून गिऱ्हाईक सगळ्यात कमी. तरी थंडीत जुनी माणसं पिशवी घेऊन येतात, म्हणून मी बंबफोड ठेवतेच. कापताना बांधावरच्या झाडाची एक भीती असते. कधीकाळी कुंपणाची तार ठोकलेली असते आणि झाड तिला पोटात घेऊन वाढतं. कटर मशीनची साखळी तिच्यावर गेली की साखळी तुटते. सुदैव असेल तर तेवढ्यावरच भागतं. गड्यांना चष्मा आणि बूट दिल्याशिवाय मी मशीनला हात लावू देत नाही.

झाड शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानातलं असलं तरी ते वाट्टेल तसं तोडता येत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. महाराष्ट्रात 1964चा झाडतोड नियमन कायदा आहे. आंबा, चिंच, फणस, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ, साग, खैर ही झाडं त्याच्या यादीत आहेत. त्यांना परवानगी लागतेच. शिवाय लाकूड रस्त्याने नेण्याचे वन खात्याचे नियम आहेत. आमच्या ट्रॉलीत सातबारा, तोडीची परवानगी आणि लागेल तिथे वाहतूक पास, हे लाकडाच्या आधी चढतं. बिनकागदाचं लाकूड स्वस्त मिळतं. राधानगरी-शाहूवाडीकडचं जंगल आमच्या नदीला पाणी देतं. तिथलं चोरीचं ऐन-किंजळ रात्री दारात आलं तरी मी उतरवून घेत नाही.

पाण्याची गोष्ट निघालीच आहे, तर पुराचंही सांगते. ऑगस्ट 2019मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 43 फूट. धान्याचं पोतं पुरात भिजतं. लाकूड तरंगतं आणि निघून जातं. आमचे ढीग पाण्याने अलगद उचलले आणि फाट्या उसाच्या फडांत जाऊन अडकल्या. जे राहिलं त्यावर गाळ बसला. गाळाच्या लाकडाने कुऱ्हाडीची धार जाते, म्हणून एकेक ओंडका धुऊन पुन्हा रचावा लागला. जुलै 2021ला पुन्हा तेच पाणी आलं, पण तोवर आम्ही आषाढाचा माल माळावर हलवला होता आणि खालच्या ढिगांना तारेची जाळी बांधली होती.

जळण स्मशानालाही लागतं. कोल्हापूर शहरात महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते आणि त्यासाठी शेणी, म्हणजे गोवऱ्या, मोठ्या प्रमाणावर वापरल्या जातात. होळी लहान करून शेणी स्मशानाला दान द्यायची चांगली रीतही इथे रुजली आहे. खेड्यांत मात्र अजून लाकूडच लागतं, एका मयताला तीनशे ते चारशे किलो. तो ढीग मी वेगळा ठेवते, सगळ्यात कोरडा. पावसात चिता धुमसत राहिली तर त्या घरच्या माणसांचे काय हाल होतात, ते मी पाहिलं आहे. आषाढात कितीही मागणी आली तरी त्या ढिगातली फाटी आचाऱ्याला जात नाही.

धूर हा धूरच असतो, हेही मी मान्य करते. जानेवारी 2025मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. आमच्याकडेही भट्ट्या हळूहळू गॅसवर चालल्या आहेत. रोजच्या घरच्या स्वयंपाकाला तर माझं लाकूड जाऊच नये, असं मला मनापासून वाटतं. माझ्या सासूबाईंचे डोळे चुलीपुढे गेले. सिलिंडर भरायला पैसे नाहीत म्हणून एखादी बाई फाट्या न्यायला येते, तेव्हा विक्री होऊनही मला बरं वाटत नाही.

जे लाकूड जळणारच आहे, ते निदान सुकं जळावं. यंदापासून मी पाटीवर दोन भाव लिहिले आहेत, सुक्याचा आणि ओल्याचा, आणि दोन्ही फाट्या काट्याशेजारी ठेवल्या आहेत. गिऱ्हाइकाला म्हणते, दोन सुक्या फाट्या एकमेकींवर आपटून बघा, खणखणीत वाजतात. ओल्या बद्द वाजतात. टोकाला उभ्या भेगा आहेत का बघा, साल नखाने सुटते का बघा. एका चुरमुऱ्याच्या भट्टीवाल्या दादांनी आठवडाभर सुकं, आठवडाभर ओलं जाळून वहीत वजनं लिहून ठेवली. आता ते सुकंच नेतात, आणि पुढच्या आषाढाच्या मालाचे निम्मे पैसे दिवाळीतच द्यायला तयार झाले आहेत. आणखी चार जण असे मिळाले तर दागिने पतसंस्थेतून सुटतील.