फारकतीचा कागद आणि घरकुल

आज बोलूया नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बायांच्या घरकुलाबद्दल.

कितीतरी जणींच्या पेटीत एक स्टॅम्पपेपर जपून ठेवलेला असतो. पंचांसमोर दोघांच्या सह्या आणि मजकूर, ‘आजपासून आमचा संबंध नाही.’ बाई समजते, घटस्फोट झाला. पण 1955च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे घटस्फोट न्यायालय देतं. काही समाजांत रूढीने काडीमोड होते, तिला कायदा मान देतो. पण वाद झाला तर ती रूढी सिद्ध करावी लागते. नुसत्या नोटरीने घटस्फोट होत नाही. म्हणून अर्जात ‘घटस्फोटित’ लिहिलं, की न्यायालयाच्या हुकूमनाम्याची नक्कल मागतात आणि बाई हात हलवत परत येते.

मग घरकुल गेलं का? नाही. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये घर नवरा-बायको दोघांच्या नावावर द्यायचा नियम आहे. पण विधवा, अविवाहित आणि विभक्त व्यक्तींना त्यातून वगळलेलं आहे. तेव्हा खरं तेच लिहा : ‘विवाहित, नवऱ्यापासून विभक्त.’

आता वेगळं राहता याचा पुरावा. पोटगीचा दावा केला असेल, तर त्याची प्रमाणित नक्कल काढा. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आदेश मिळाला असेल, तर तोही जोडा. दावाच केला नसेल, तर ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, मुलांच्या शाळेचे कागद आणि स्वयंघोषणापत्र जमवा, आणि आणखी काय लागतं ते ग्रामसेवकांना विचारून लिहून घ्या.

शिधापत्रिका विसरू नका. नाव सासरच्या कार्डावर राहिलं, तर तिथलं पक्कं घर तुमचंच धरलं जाऊ शकतं. माहेरच्या कार्डावर असलं, तर भावाचं घर आडवं येतं. नाव कमी करून स्वतःचं वेगळं कार्ड काढा.

वकिलाला पैसे कुठून आणू, असं म्हणू नका. 1987च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक बाईला मोफत वकील मिळतो, मग तिची कमाई कितीही असो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे अर्ज करा.

कागद दिला की तारखेची पोच घ्या. आणि यादी ग्रामसभेत वाचली जाते, त्या दिवशी एकटीने नको, सगळा गट मिळून जाऊन बसा.