ठाकुरवाडीतलं डिजिटल ऑफिस: अंगणवाडी सेविकेचा मोबाईल

फिरतीवर राहून मोबाईलवर काम करणारे म्हटलं की आपल्याला आयटीवाले किंवा डिलिव्हरीवाले आठवतात. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत-खालापूरच्या ठाकुरवाड्यांत, म्हणजे ठाकर आदिवासींच्या वस्त्यांत, असंच काम अंगणवाडी सेविका करतात, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

केंद्राचं 'पोषण ट्रॅकर' अॅप 1 मार्च 2021 रोजी आलं. बाळांचं वजन-उंची, हजेरी, गरोदर आणि स्तनदा मातांच्या नोंदी आता त्यात भरायच्या. अॅप वय आणि मापं पाहून मूल कुपोषित आहे का ते दाखवतं. 1 जुलै 2025 पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थीचा चेहराही जुळवावा लागतो. वाडी डोंगराआड असेल आणि रेंज नसेल, तर तिथेच काम अडतं.

इथली अनेक ठाकर-कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, पावसाळ्याच्या तोंडावर परततात. बाळ जागा बदलतं तेव्हा त्याची नोंद सोबत गेली पाहिजे. डिजिटल नोंदीचा खरा फायदा मला इथेच दिसतो.

पण त्यासाठी फोन धड हवा. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यातल्या सेविकांनी कामासाठी मिळालेले निकृष्ट सरकारी मोबाईल परत केले होते. त्यांची तक्रार रास्तच होती! इतकं काम करूनही त्यांना मिळतं ते 'मानधन', पगार नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र एप्रिल 2022 मध्ये त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला.

तुमच्या गावच्या सेविकेला फोन, डेटा, रेंज नीट मिळते का? ग्रामसभेत हा प्रश्न नक्की विचारा.