एच-१बी: अर्ज कंपनीचा, हक्क कर्मचाऱ्याचेही

‘अमेरिकेच्या एच-१बी व्हिसासाठी मला स्वतःच अर्ज करता येईल का?’ पुण्या-मुंबईतले तरुण इंजिनिअर हा प्रश्न आजही विचारतात. नाही, करता येत नाही. अमेरिकेतली कंपनीच तो करते. आधी ती तिथल्या कामगार खात्याला वेतनाची लेखी हमी देते. तिला एलसीए म्हणतात. मग यूएससीआयएस या स्थलांतर विभागाकडे याचिका जाते. ती मंजूर झाली की उमेदवाराने मुंबईच्या वकिलातीत मुलाखत द्यायची. म्हणून ‘पैसे भरा, एच-१बी काढून देतो’ असं सांगणाऱ्या एजंटापासून लांबच राहिलेलं बरं.

पैशांबाबतचे गैरसमज तर घरंच्या घरं कर्जात लोटतात. सगळा खर्च उमेदवारानेच करायचा असतो, असं अनेक पालक धरून चालतात. कायदा उलट सांगतो. कंपनीच्या आकारानुसार ७५० किंवा १,५०० डॉलरचं प्रशिक्षण शुल्क आणि ५०० डॉलरचं फसवणूक-प्रतिबंध शुल्क कर्मचाऱ्याकडून घेता येत नाही. याचिकेसाठीच्या वकिलाची फीसुद्धा मालकाचाच खर्च. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेलं एक लाख डॉलरचं शुल्कही मालकानेच भरायचं होतं. ते दरवर्षी द्यावं लागेल, जुन्या व्हिसाधारकांनाही लागेल, अशी घबराट तेव्हा पसरली. प्रत्यक्षात ते नव्या याचिकेसाठी, एकदाच आकारायचं होतं.

प्रोजेक्ट नसेल तर पगार नाही, हेही लोकांनी निमूट मान्य केलेलं आहे. काही कन्सल्टन्सी कर्मचाऱ्याला महिनोन्महिने ‘बेंच’वर बिनपगारी बसवतात, आणि व्हिसा जाईल या भीतीने तो तोंड उघडत नाही. हे सरळ बेकायदेशीर आहे. काम देणं कंपनीची जबाबदारी. ते नसलं तरी ठरलेला पगार द्यावाच लागतो. कर्मचाऱ्याने स्वतःच्या कारणासाठी रजा घेतली, तरच सूट. उल्लंघन झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत कामगार खात्याकडे तक्रार करता येते.

नोकरी बदलली की सगळं पहिल्यापासून, हाही समज चुकीचा. २००० सालच्या कायद्यानुसार नव्या कंपनीची याचिका दाखल झाली की तिथे रुजू होता येतं. व्हिसासाठीच्या निवडीची लॉटरी पुन्हा नाही. नोकरी गेलीच, तर अमेरिकेत राहायला साधारणपणे ६० दिवसांपर्यंतची सवलत मिळते. एच-१बीची मुदत संपण्याआधी कंपनीनेच काढलं असेल, तर मायदेशी परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्चही तिनेच द्यायचा.

वर्षाला ६५,००० नवे एच-१बी आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,००० ही मर्यादा सगळ्यांना लागू होत नाही. विद्यापीठं आणि ना-नफा संशोधन संस्था तिच्या बाहेर आहेत. संशोधनाकडे वळलेल्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

एच-१बीवाले म्हणजे ‘स्वस्त मजूर’ या आरोपात मात्र थोडं तथ्य आहे. स्थानिक प्रचलित वेतनापेक्षा कमी देता येत नाही हे खरं. पण त्या वेतनाच्या चार श्रेणी आहेत आणि खालच्या दोन स्थानिक मध्यम वेतनाच्या खाली राहत आल्या आहेत. अनुभवी माणसाला खालच्या श्रेणीत दाखवलं, तर नुकसान त्याचं आणि शेजारच्या अमेरिकन सहकाऱ्याचंही.

तेव्हा एलसीएची प्रत मागून घ्या. रुजू होण्याच्या दिवसापर्यंत ती देणं कंपनीवर बंधनकारक आहे. त्यावरचं पद, गाव, श्रेणी आणि पगार ऑफर लेटरशी ताडून पाहा, आणि मगच विमानाचं तिकीट काढा.