इतकुसं मशीन, त्याची काय भीती?

नागपूरच्या महालात किंवा इतवारीत असे कितीतरी बोळ आहेत, जिथे जेसीबीचं तोंडसुद्धा वळत नाही. तिथे आता मिनी पोकलेन दिसतं. दीड टनापासून पाच-सहा टनांपर्यंतचं, रबरी चेनवर चालणारं, एखाद्या मोठ्या फाटकातून आत शिरणारं. नळाची लाईन, गडरचं चेंबर, जुन्या घराचा पाया, शेतातली पाईपलाईन, सगळीकडे त्याला मागणी आहे. ते आलं की बघ्यांची गर्दी होते. २०१९ साली जेसीबीच्या खुदाईवर देशभर विनोद फिरले, ते काही उगीच नाही.

आधी नावाचा घोळ मिटवू. पिवळं दिसलं की जेसीबी, असं आपण म्हणतो. जेसीबी हे एका ब्रिटिश कंपनीचं नाव आहे, आणि आपण ज्याला जेसीबी म्हणतो ते पुढे लोडर, मागे खोदायचा हात असलेलं चाकांचं यंत्र. पोकलेन हेही मूळ एका फ्रेंच कंपनीचंच नाव, पण आपल्याकडे ते चेनवर फिरणाऱ्या, वरचं धड गरकन वळवणाऱ्या यंत्राचं नाव होऊन बसलं. नावात चूक झाली तर बिघडत नाही. बाकीच्या ज्या समजुती साइटवर ऐकू येतात, त्यांनी माणसं जायबंदी होतात. साइटवर वीसेक वर्षं काढल्यावर माझं मत असं झालं आहे की त्या सगळ्या समजुतींचं मूळ एकच आहे: मशीन लहान आहे, म्हणून धोकाही लहान आहे.

‘छोटं आहे, पलटी होत नाही’

होतं, आणि मोठ्यापेक्षा लवकर होतं. वीस टनी पोकलेनला स्वतःच्या वजनाचा आधार असतो. पावणेदोन टनांच्या मशीनची चेनसकट रुंदी जेमतेम एक मीटर. चेनच्या दिशेने, म्हणजे समोर, हात लांब करून ते जेवढं पेलतं, तेवढं आडव्या बाजूला वळल्यावर पेलत नाही. ऑपरेटर समोरून चिखलाने भरलेली बकेट उचलतो, तशीच लांब धरून बाजूला फिरवतो, आणि एका बाजूची चेन जमिनीवरून उठते. अशा वेळी बकेट ताबडतोब खाली टेकवायची असते. घाबरलेला माणूस नेमका उलट दिशेला झटका देतो. बकेट जमिनीलगत आणि अंगाजवळ ठेवून, सावकाश फिरवली तर ही वेळ सहसा येत नाही. काही मॉडेलांची चेन बाहेर सरकवून रुंदी वाढवता येते. बोळातून बाहेर आल्यावर ती वाढवायची आठवण किती जणांना राहते, हा प्रश्नच आहे.

सर्वांत वाईट प्रकार ट्रकवर चढवताना पाहायला मिळतो. रॅम्प नसतो. मग ऑपरेटर बकेट ट्रकच्या फाळक्यात टेकवतो, हाताच्या जोरावर मशीनचं नाक उचलतो, चेन काठावर चढवतो, वरचं धड मागे वळवून बकेटने जमिनीला रेटा देतो आणि मशीन वर. लोक टाळ्या वाजवतात, व्हिडिओ काढतात. मधल्या क्षणी तीन टनांचं यंत्र, म्हणजे तीन स्विफ्ट गाड्यांइतकं वजन, चेनच्या दोन टोकांवर आणि एका बकेटवर तोललेलं असतं. फाळक्यावर ग्रीस सांडलेलं असलं किंवा ट्रकचा हँडब्रेक सैल असला की संपलं. ही कसरत म्हणजे कौशल्य नव्हे. दोन पक्के रॅम्प, सपाट जागा आणि चाकाखाली उटी, एवढ्याने काम होतं.

याला जोडूनच पट्ट्याची गोष्ट. ‘पलटी झालं तर उडी मारता आली पाहिजे, म्हणून बेल्ट लावत नाही’ असं सांगणारे जुने ऑपरेटर भेटतात. मशीन कलंडायला लागतं तेव्हा उडी मारणारा बहुधा ज्या बाजूला ते पडतं त्याच बाजूला फेकला जातो, आणि कॅनॉपीचा खांब त्याच्यावर येतो. ती चौकट माणूस आत बांधलेला असेल तरच त्याला वाचवते.

‘आपली काळी माती भिंतीसारखी उभी राहते’

नागपूरच्या मातीबद्दल इथल्या माणसाला सांगायला नको. काळी, कापसाची, पाणी पिऊन फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. एप्रिल-मेमध्ये तिच्यात नाली खणली की कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ दिसतात. ते पाहून ठेकेदार निश्चिंत होतो. “इतकुसा तं गड्डा आहे भाऊ, उतर ना,” असं मजुराला सांगितलं जातं.

ती उभी कड हाच धोका आहे. भुसभुशीत वाळू थोडीथोडी ढासळते, निदान इशारा तरी देते. काळ्या मातीत भेगा आधीपासून असतात, त्यांतली एखादी नालीच्या काठाला समांतर असते, आणि त्या भेगेपासूनचा अख्खा थर एका वेळी सुटून येतो. रात्री वळवाचा एक शिडकावा झाला, की पाणी भेगेतून खोल उतरतं आणि सकाळी वरून कोरडी दिसणारी कड आतून ओली असते. शहराच्या काही भागांत थोडं खाली गेलं की मुरूम लागतो. मग वरची माती आणि खालचा मुरूम यांच्यामधून पाझर फुटतो, आणि माती त्या पाझरावरून सरकते.

एक घनमीटर ओल्या मातीचं वजन दीड टनाच्या वर भरतं. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस तोंड उघडं असूनही गुदमरतो, कारण छाती फुगायला जागाच उरत नाही. आणि अशा माणसाला बकेटने उकरून काढायला जायचं नसतं. आपल्याला घाई असते, पण बकेटच्या दाताला माती आणि माणूस यांतला फरक कळत नाही.

सरकारी बांधकामांच्या कंत्राटात जोडलेली सुरक्षा संहिता याबाबत अगदी स्पष्ट आहे. दीड मीटर किंवा त्याहून खोल नालीच्या बाजूंना उतार द्यायचा, नाहीतर लाकडी वा लोखंडी आधार लावायचा. उकरलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्म्या अंतरावर, यांतलं जे जास्त असेल तितकी लांब टाकायची. १.२ मीटर किंवा त्याहून खोल नालीत दर ३० मीटरला एक शिडी हवी. कंत्राटावर सही करणाऱ्यांपैकी किती जणांनी ते पान वाचलेलं असतं, देव जाणे. बोळात दीड मीटर लांब माती टाकायला जागा नसते हेही खरं. मग ती टेम्पोत भरून बाहेर न्यायची. काठावर रचायची नाही.

मशीनही काठाला समांतर उभं करू नये. चेन काठाशी काटकोनात हवी आणि चेन ओढणारं दातेरी चाक मागच्या बाजूला हवं, म्हणजे कड खचली तर सरळ मागे निघता येतं.

‘दोन फुटांत कुठे वायर असते?’

जुन्या वस्तीत दोन फुटांतच असते. विजेची केबल, ऑप्टिकल फायबर, कधी काळी टाकलेली आणि नकाशात नसलेली पाण्याची लाईन. खणण्यापूर्वी संबंधित खात्यांना कळवण्यासाठी केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू केलं. ते वापरावंच, पण त्यानंतरही पहिला चाचणी खड्डा हाताने, फावड्याने घ्यावा. खोदताना विटांची रांग, वाळूचा थर किंवा रंगीत प्लास्टिकची पट्टी लागली की थांबायचं. केबलवर ती मुद्दाम अंथरलेली असते.

वरच्या तारांचा विसर तर सगळ्यांनाच पडतो, कारण डोळे खड्ड्यात असतात. तीन टनी मशीनचा हात सरळ वर केला की साडेचार-पाच मीटरपर्यंत पोचतो. बोळातल्या घरगुती जोडण्या त्याच उंचीवर लोंबकळत असतात. ११ केव्हीच्या तारेला स्पर्श व्हायचीही गरज नाही, पुरेसं जवळ गेलं की वीज झेप घेते. अमेरिकेत ५० केव्हीपर्यंतच्या तारेपासून यंत्र किमान दहा फूट दूर ठेवायचा नियम आहे. तेवढी जागा नसेल, तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय हात लावू नये.

स्पर्श झालाच, तर ऑपरेटरने आतच बसायचं आणि बाकीच्यांना लांब पिटाळायचं. आग लागली तरच उतरायचं, तेही दोन्ही पाय जुळवून उडी मारून. एक पाय जमिनीवर आणि एक हात मशीनवर, हे जीवघेणं. मग पाय जुळवूनच उड्या मारत दूर जायचं.

‘जेसीबी चालवतो म्हणजे हेही चालवेल’

पोकलेनच्या जॉयस्टिकच्या दोन पद्धती जगभर रूढ आहेत. एकीत मोठा हात, म्हणजे बूम, उजव्या लिव्हरवर असतो. दुसरीत तो डाव्यावर. मशीन बाहेरून एकसारखंच दिसतं. काहींत पद्धत बदलायचा वाल्व्हही असतो, आणि आदल्या दिवशीच्या ऑपरेटरने तो फिरवून ठेवलेला असतो. म्हणून सकाळी मोकळ्या जागेत प्रत्येक लिव्हर हलवून बघावा.

दुसरा फसवा प्रकार चेनचा. वरचं धड पूर्ण मागे वळवलं की चालवायचे लिव्हर उलटे होतात. पुढे ढकलावं तर मशीन तुमच्या पाठीकडे जातं. समोरचं ब्लेड कुठे आहे ते पाहूनच लिव्हरला हात लावायचा, ही सवय पहिल्या आठवड्यात लागली नाही तर पुढे लागत नाही. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलमार्फत ऑपरेटरांना रीतसर प्रमाणपत्र मिळतं. गाडीच्या लायसन्सने ते काम भागत नाही.

आणि उतरताना: बकेट जमिनीवर, ब्लेड खाली, लॉकचा लिव्हर वर, इंजिन बंद, किल्ली खिशात. ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून किल्ली ठेवून चहाला गेलेल्या ऑपरेटरच्या सीटवर हेल्पर बसतो, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय.

‘मशीन चालतंय ना, मग कशाला खोलायचं?’

पोकलेनची सर्व्हिस तारखेवर नसते, किलोमीटरवर तर नाहीच. ती तासांच्या मीटरवर असते. पिन-बुशला ग्रीस मात्र रोज. ‘आवाज आला की ग्रीस मारू’ म्हणणाऱ्याचं बुश आवाज येईपर्यंत झिजलेलं असतं.

काळ्या मातीत चेनकडे जास्त बघावं लागतं. पावसाळ्यात संध्याकाळी चेनमध्ये भरलेला चिखल रात्रभरात सुकून सिमेंटसारखा होतो. सकाळी चेन ताणली जाते, कधी निघते, कधी सील जातं. काम संपल्याबरोबर खोऱ्याने आणि पाण्याने तो काढायचा, इतकंच. ‘चेन जेवढी टाईट तेवढी चांगली’ हाही गैरसमज आहे. किती झोल ठेवायचा ते मशीनच्या पुस्तकात मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. चेन ढिली करताना ग्रीसचा वाल्व्ह एकदम पूर्ण खोलायचा नाही आणि त्याच्या समोर तोंड धरायचं नाही. आत प्रचंड दाब असतो.

उन्हाळ्यात रेडिएटर. नागपुरात मे २०१३ मध्ये ४७.९ अंश तापमान नोंदवलं गेलं. अशा हवेत ‘साधं पाणी टाकलं तरी चालतं’ ही समजूत महाग पडते. कूलंट लवकर उकळत नाही आणि गंज धरू देत नाही. बोअरचं जड पाणी आत थर साठवतं. तापलेल्या इंजिनचं झाकण उघडून चेहरा भाजून घेणारे दर उन्हाळ्यात असतात. एअर फिल्टर चेनवर आपटून साफ करणं हाही आवडता उद्योग. त्याने कागद फाटतो, आणि मग धूळ थेट इंजिनात जाते.

शेवटची गोष्ट सगळ्यांत कमी माहीत असलेली. होज पाईपमधून बारीक फवारा उडताना दिसला की माणूस बोटाने चाचपतो. कारच्या टायरमध्ये ३०-३५ पीएसआय हवा असते. इथे तेलाचा दाब तीन हजारांच्या घरात. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून ते तेल हातमोजा आणि कातडी दोन्ही भेदून आत जातं. सुरुवातीला टोचल्यासारखं वाटतं, रक्तही फारसं येत नाही. काही तासांनी बोट सुजतं, आणि उशीर झाला तर कापावं लागतं. गळती पुठ्ठ्याच्या तुकड्याने शोधायची. तेल टोचलंच, तर मलम न लावता लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जायचं आणि हायड्रॉलिक ऑईल गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं.

हे सगळं फक्त ऑपरेटरसाठी नाही. घराच्या कामाला तासावर मशीन बोलावणारे आपणच असतो, आणि ‘चार वाजेपर्यंत उरका’ म्हणून घाई करणारेही आपणच. मशीन आलं की ऑपरेटरचा बेल्ट, खड्ड्याचा काठ आणि डोक्यावरची तार, या तीन गोष्टी मालकाने स्वतः बघाव्यात. मशीनची शेपटी आणि भिंत यांच्यामध्ये कोणी उभं नाही ना, हेही. आणि लेकरांना खुदाई बघायची असेलच, तर गच्चीवरून बघू द्या.